आठवण कुठे अडकते : जागा, झोप आणि विसरण्याच्या अभ्यासाची पार्श्वभूमी
एका खोलीतून उठून दुसरीकडे जायचं आणि तिथं नुसतं उभं राहायचं, आपण इथं कशाला आलो होतो बरं? मग परत येऊन पहिल्या जागी बसलं की लगेच आठवतं, अरे कात्री हवी होती. हे सगळ्यांचंच होतं, पण वय झालेल्या माणसाचं झालं की 'आता तुमच्या काही लक्षात राहत नाही' असं त्याला पटकन ऐकवलं जातं, आणि ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण ती गोष्ट पुसली गेली असती तर परत आल्यावर तरी कशी आठवली असती? ती डोक्यात होतीच, तिचा धागा तेवढा पहिल्या खोलीत राहिला होता. ही साधी वाटणारी गोष्ट अभ्यासकांच्या नीट ध्यानात यायला मात्र फार वर्षं गेली.

जागेचा आणि आठवणीचा संबंध आधी कुणाला माहीतच नव्हता असं नाही. जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या शेवटी एक किस्सा लिहून ठेवलाय. एक तरुण ज्या खोलीत नाच शिकला तिथं सामानाची एक जुनी पेटी, म्हणजे ट्रंक, ठेवलेली असायची, आणि पुढे त्याला नाच जमायचा तो ती पेटी समोर असली तरच, दुसऱ्या कुठल्या खोलीत नाचायचं तर तीच नाहीतर तशीच पेटी तिथं असावी लागायची. पण हा राहिला किस्साच, मोजून बघितलं कुणीच नाही.

मोजायला सुरुवात केली ती हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन माणसाने, आणि तीही स्वतःवरच. काही अर्थ नसलेली अक्षरं जुळवून याद्या करायच्या, ठरावीक ठेक्यात मोठ्याने वाचत पाठ करायच्या, आणि मग काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात ते बघायचं. त्याचं पुस्तक १८८५ मध्ये आलं. २० मिनिटांनी साधारण ५८ टक्के कष्ट वाचत होते, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४ च्या आसपास आणि ३१ दिवसांनी २१. हे आकडे हल्ली 'इतके टक्के लक्षात राहतं' असं म्हणून सगळीकडे फिरतात, ते चूक आहे, हे पुन्हा पाठ करताना वाचलेल्या कष्टाचे आकडे आहेत. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की बाहेरचं काही मध्ये येऊ नये म्हणून तो वेळ, दिनक्रम सगळं शक्य तेवढं सारखं ठेवत होता. म्हणजे आजूबाजूचं सगळं त्याने मुद्दाम बाजूला काढलं, आणि मागे उरला तो फक्त काळ, त्यामुळे काळ गेला की आठवण झिजते ही समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली.

तिला पहिला धक्का १९२४ मध्ये बसला. जेन्किन्स आणि डालेनबाख ह्या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना अशाच याद्या पाठ करायला लावल्या, कधी पाठ करून झोपायचं, कधी जागं राहून रोजची कामं करायची, आणि तेवढेच तास गेल्यावर विचारलं तर झोपेनंतर कितीतरी जास्त आठवत होतं. म्हणजे दोष नुसत्या काळाचा नव्हता, मधल्या वेळात डोक्यात आणखी काय काय येऊन पडलं त्याचाही होता. १९३२ मध्ये मॅकगिओकने ह्याला लोखंडाचं उदाहरण दिलं, लोखंड गंजायला वेळ लागतो खरा, पण ते वेळेमुळे गंजत नाही, ऑक्सिजनमुळे गंजतं. मला ही तुलना फार पटते.

मग १९७५ चा पाणबुड्यांचा, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरांचा प्रयोग. पाण्याखाली बघितलेलं वर आल्यावर नीट सांगता येत नाही अशी पाणबुड्यांची तक्रार असायची. गॉडन आणि बॅडली ह्यांनी युनिव्हर्सिटीच्या डायव्हिंग क्लबमधले १८ जण घेतले, त्यांना ३६ शब्दांच्या याद्या ऐकवल्या, कधी किनाऱ्यावर कोरड्यात, कधी सुमारे २० फूट पाण्याखाली, आणि आठवायलाही कधी तिथंच लावलं, कधी जागा बदलून. जमिनीवर ऐकून जमिनीवरच आठवले तर सरासरी साडेतेरा शब्द, पाण्यात ऐकून पाण्यातच आठवले तर ११ च्या वर, आणि जागा बदलली की दोन्हीकडून साडेआठच्या आसपास! लॉकची पेटी जवळजवळ तीनशे वर्षांनी आकड्यांत सापडली म्हणायची. पण ह्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. त्याच दोघांनी १९८० मध्ये शब्द समोर ठेवून 'हा यादीत होता का' एवढंच विचारलं तेव्हा जागेचा फरक पडला नाही, आणि २०२१ मध्ये दुसऱ्यांनी मूळ प्रयोग पुन्हा करून बघितला तर तो निकाल आलाच नाही. त्यामुळे 'जिथं अभ्यास केला तिथंच परीक्षा द्या' असं ठोकून सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आजूबाजूचं म्हणजे फक्त भिंती आणि पाणी नव्हे, आपली तेव्हाची अवस्थाही त्यात येते. दारूच्या अमलात शिकलेलं काही वेळा शुद्धीवर आल्यावर कमी आठवतं हे १९६९ च्या अभ्यासात दिसलं होतं. आणि विचारणाऱ्याचे शब्दही येतात. लॉफ्टस आणि पामर ह्यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा स्पीड किती होता, काहींना विचारलं आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा किती होता, फिल्म तीच पण दुसऱ्या लोकांनी स्पीड जास्त सांगितला, आणि आठवड्याने त्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या, ज्या फिल्ममध्ये नव्हत्याच.

ह्या सगळ्यातून १९८० च्या दशकात गायसेलमन आणि फिशर ह्यांनी साक्षीदारांना प्रश्न विचारायची एक पद्धत तयार केली. त्याआधी १९७९ मध्ये स्टीव्हन स्मिथने दाखवलं होतं की जुन्या खोलीत खरोखर जायची गरज नाही, ती मनात नीट उभी केली तरी बराच फायदा होतो. म्हणून ह्या पद्धतीत साक्षीदाराला 'गाडी कुठल्या रंगाची होती' असं एकदम विचारत नाहीत. आधी त्याला शांत बसवतात, त्या जागी मनाने परत जा म्हणतात, उजेड कसा होता, आवाज कसले येत होते, तुम्ही तेव्हा कुठं उभे होता, मनात काय चाललं होतं, आणि मग तो बोलायला लागला की त्याला मध्ये तोडत नाहीत.