पुढच्या चेंडूआधीचं अर्धं मिनिट

मटक्याच्या काळात मुंबईत आकडा लावणाऱ्याला निकालाची वाट बघावी लागे. ओपन, म्हणजे पहिला आकडा, आला तरी क्लोजला, म्हणजे दुसऱ्या आकड्याला, काही तास असत. तेवढ्यात माणूस घरी जाई, जेवे, बायकोचे दोन शब्द ऐके. आज मोबाइलवर थेट पुढच्या चेंडूवर पैसे लावता येतात आणि अर्ध्या मिनिटात निकाल. माझ्या मते सट्ट्याचं खरं विष या अर्ध्या मिनिटात आहे.

याचं कारण मेंदूत सापडतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांवर केलेले प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. खूण दिसल्यावर फळांचा रस मिळणारच किंवा मिळणारच नाही हे ठरलेलं असताना वाट बघण्याच्या काळात डोपामाइन हे बक्षिसाची ओढ लावणारं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी शांत राहत. शक्यता निम्मी-निम्मी असली, की त्या काळात त्यांची सक्रियता सर्वांत जास्त वाढे. म्हणजे जिंकण्याइतकीच अनिश्चिततासुद्धा मेंदूला खेचते. सट्ट्याचं ॲप हीच अवस्था दर चेंडूला नव्यानं उभी करतं आणि हरलेले पैसे वसूल करायला पुढचा चेंडू तयारच असतो.

सट्टा खेळणाऱ्याचा ‘मनावर ताबा नाही’ म्हणणाऱ्यांनी पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांकडे बघावं. डोपामाइनसारखं काम करणारी काही औषधं सुरू झाल्यावर, आयुष्यात कधी जुगार न खेळलेल्या काहींना त्याचं वेड लागलं. औषध कमी किंवा बंद केल्यावर अनेकांचं ते ओसरलंही. यात स्वभावाचा दोष कुठे काढायचा?

म्हणून नियम असे हवेत, जे हरवलेली उसंत परत आणतील. ब्रिटननं १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी घातली, म्हणजे नसलेले पैसे लावण्याचा एक सोपा रस्ता बंद झाला. त्याआधी दोनच आठवडे, परवाना असलेल्या सर्व ऑनलाइन कंपन्यांना ‘गॅमस्टॉप’ या, स्वतःवरच जुगारबंदी घालून घेण्याच्या सेवेत सामील होणं सक्तीचं झालं. तिथे एकदा नाव नोंदवलं की या सगळ्यांची दारं सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं बंद. बेकायदा परदेशी संकेतस्थळं मात्र यातून निसटतात.

भारतानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. पण ज्याला आधीच वेड लागलंय, त्याचा मेंदू कायद्याच्या तारखेला बरा होत नाही. त्याला उपचार हवेत. गॅमस्टॉपमधली एक गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते: निवडलेली मुदत संपेपर्यंत नाव काढून घेता येत नाही. सकाळी शांत डोक्यानं घेतलेला निर्णय रात्री सामना रंगात आल्यावर मोडता येत नाही.