झेनॉनची भर आणि झेनॉनची गळती

हवेतल्या एक कोटी रेणूंमागे झेनॉनचा जेमतेम एक अणू असतो. तरीही पृथ्वीच्या वातावरणाचा इतिहास शोधणारे याच वायूच्या मागे लागतात, कारण तो सहसा कशाशी संयोग पावत नाही आणि त्याचे 124 ते 136 या वस्तुमानांकांमधले नऊ समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू) निसर्गात टिकून आहेत. सौरवाऱ्यातल्या किंवा अशनींमधल्या झेनॉनशी तुलना केली, तर आपल्या हवेत जड समस्थानिकांचे प्रमाण जास्त भरते. याला दोन अगदी वेगळी कारणे आहेत, आणि त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिले कारण भर पडण्याचे. आयोडीन-129 चे अर्धायुष्य सुमारे 1 कोटी 57 लाख वर्षे. त्याच्या ऱ्हासातून झेनॉन-129 तयार होतो. जॉन रेनॉल्ड्स यांना 1960 मध्ये रिचर्डटन अशनीत या समस्थानिकाचे आधिक्य सापडले आणि सूर्यमाला जन्मली तेव्हा हे आयोडीन शिल्लक होते हे कळले. प्लुटोनियम-244 आणि युरेनियम-238 यांच्या विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्र फुटण्यातून, झेनॉनच्या 131, 132, 134 आणि 136 यांची भर पडते. आयोडीन लवकर संपले, त्यामुळे 129 चे घड्याळ पहिल्या दहा-पंधरा कोटी वर्षांपुरतेच चालते. आजही प्रावरणातून (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातून) आलेल्या वायूंमध्ये झेनॉन-129 चे प्रमाण हवेपेक्षा जास्त मिळते, म्हणजे प्रावरण आणि वातावरण यांची फारकत ते आयोडीन उरले असतानाच झाली होती.

दुसरे कारण गळतीचे. इथे नवे काही तयार होत नाही. हलके समस्थानिक अवकाशात जास्त निसटतात आणि जड मागे उरतात. हवेतला झेनॉन असा दर वस्तुमान-एककामागे साधारण 3 ते 4 टक्क्यांनी जडाकडे झुकला आहे. पण क्रिप्टॉन तर झेनॉनपेक्षा हलका, मग त्याची अशी गळती का दिसत नाही? मला या विषयातला हाच प्रश्न सर्वांत सुंदर वाटतो. आज बहुतेकांना पटणारे उत्तर आयनीभवनात आहे. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला 12.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, हायड्रोजनला 13.6 लागतात, क्रिप्टॉनला 14. त्यामुळे झेनॉन आयनरूपात टिकायचा आणि अवकाशाकडे वाहणारा आयनीभूत हायड्रोजन त्याला सोबत ओढून न्यायचा. क्रिप्टॉन उदासीन राहून मागे थांबायचा.

ही गळती रेंगाळत चालली. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनच्या सुमारे 330 कोटी वर्षे जुन्या गारगोटीत अडकलेल्या हवेतला झुकाव मूळ झेनॉन आणि आजची हवा यांच्या अधलामधला आहे. साधारण 250 ते 210 कोटी वर्षांपूर्वी तो वाढायचा थांबला. हवेत ऑक्सिजन साठू लागला तोही हाच सुमार. वरच्या थरांतला हायड्रोजन घटला आणि झेनॉनला ओढून नेणारे कोणी उरले नाही, असा तर्क आहे.

मग भर आणि गळती वेगळी ओळखायची कशी? हवेतले समस्थानिक मूळ झेनॉनच्या तुलनेत किती, हे वस्तुमानांकांच्या क्रमाने आलेखावर मांडायचे. गळतीची खूण म्हणजे सलग उतार. भरीची खूण म्हणजे ठरावीक जागी उंचवटा. 124, 126, 128 आणि 130 यांच्यात किरणोत्सर्गी भर जवळपास पडत नाही; विखंडनातून 128 आणि 130 कडे जाणारी वाट तर टेल्युरियमच्या जवळपास टिकाऊ समस्थानिकांपाशीच अडते. म्हणून उतार या चौघांवरून काढायचा. बार्बर्टनसारख्या नमुन्यांत हे फारच गरजेचे, कारण खडकातल्या युरेनियमने अब्जावधी वर्षे जड बाजूला भर घातलेली असते. हाच उतार आजच्या हवेसाठी पुढे वाढवला, की 129 त्याच्या वर सुमारे 7 टक्के डोके काढतो.

134 आणि 136 पाशी मात्र गाडी अडते. सौर झेनॉनपासून सुरुवात केली, तर आजच्या हवेत हे दोघे उताराच्या खाली पडतात. भर पडूनही खाली! म्हणजे मूळ मालातच ते कमी होते. रोझेटा यानाने 2016 मध्ये 67पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेंको धूमकेतूच्या वायूंत नेमकी या दोघांची तूट मोजली. त्या मोजमापांवरून वातावरणातला सुमारे एक पंचमांश झेनॉन धूमकेतूंनी आणला असावा, असा हिशेब मांडला गेला आहे.