५२ − २७ नको, ५२ − २८ द्या

हातच्याच्या वजाबाकीचा तास. घंटा व्हायला चार मिनिटं उरली की फळ्याजवळून ठरलेला प्रश्न येतो, "समजलं का सगळ्यांना?" आणि वर्गातून ठरलेलं उत्तर, "होऽऽ!" मग घाईघाईनं गृहपाठाची दहा उदाहरणं फळ्यावर उतरतात. या "हो"मधून एवढंच कळतं की तास संपत आल्याचं मुलांना समजलं आहे. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येत होती. पाहणीतलं गणित दोन अंकी, हातच्याचं. ज्यांना ते आलं नाही, त्या दोन तृतीयांश मुलांनीही कुठल्यातरी तासाला "हो" म्हटलेलंच असणार.

तासाच्या शेवटी शिकवलेलं पुन्हा थोडक्यात सांगायचं, हा समज फार घट्ट आहे. सांगितलेलं ऐकताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. शेवटची पाच-सात मिनिटं एक-दोन गणितांना द्यावीत. वह्या बंद, फळा पुसलेला, प्रत्येकानं एकट्यानं सोडवायचं. इथवर बहुतेक शिक्षक मान्य करतील. खरी मेख पुढे आहे: गणित कोणतं द्यायचं?

समजा दिलं ५२ − २७. बरोबर उत्तर २५. आता दोन मुलांच्या पाट्या जवळून पाहू. पहिलं मूल एककाच्या घरात २ आणि ७ बघतं, सातातून दोन काढतं आणि ५ लिहितं. दशकात पाचातून दोन गेले, उरले ३. उत्तर ३५. दुसरं मूल दशक सुटा करतं, २ चे १२ करतं, बारातून सात वजा करून ५ लिहितं. पण वरच्या पाचावर काट मारून ४ करायचं राहतं. पाचातून दोन गेले ३. उत्तर पुन्हा ३५. एकाला दशक सुटा करणं ही गोष्टच माहीत नाही, दुसऱ्याला ती माहीत आहे पण शेवटची पायरी निसटते. दोघांना उद्या वेगवेगळं शिकवायला हवं, आणि गणित मात्र दोघांना एकाच रांगेत उभं करतं.

आता फक्त एक अंक बदला: ५२ − २८. बरोबर उत्तर २४. पहिल्या मुलाचं येईल ३६, दुसऱ्याचं ३४. ज्यानं चिन्ह न बघता बेरीज केली त्याचं ८०. २८ पासून बोटं मोजताना २८ लाही धरणाऱ्याचं २५. उत्तर वाचलं की चूक कुठून आली ते कळतं.

हे का होतं? एककातल्या दोन अंकांमधला फरक 'फ' माना. उलटी वजाबाकी करणारं मूल 'फ' लिहितं. दशक सुटा करणारं मूल १० − फ लिहितं. हे दोन्ही सारखे येतात ते फक्त फ = ५ असतानाच. म्हणून ५२ − २७, ६१ − ३६, ८४ − ४९, ७० − २५ ही सगळी गणितं तासाच्या शेवटी बाद. सरावाला ती चालतात, परीक्षेलाही चालतील, पण चूक शोधायला नाहीत. ५८ − २३ तर त्याहून वाईट, कारण तिथे उलटा नियम वापरणाऱ्याचंही उत्तर बरोबर येतं आणि तो शाबासकी घेऊन घरी जातो.

हा उलटा नियम मुलं आणतात कुठून? बरेचदा आपल्याकडूनच. पहिलीत सांगितलेलं असतं, "मोठ्यातून लहान वजा करायचं." सांगणाऱ्याच्या मनात संख्या असते, ऐकणारं मूल तेच अंकांना लावतं. १९७८ साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी 'बगी' नावाच्या संगणकीय प्रणालीतून दाखवलं की मुलांच्या वजाबाकीतल्या कितीतरी चुका वेंधळेपणाच्या नसतात. मूल चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतं, संगणकानं प्रोग्रॅममधला बग, म्हणजे चूक, पाळावी तसं. पुढे ब्राऊन आणि कर्ट व्हॅनलेन यांनी १९८० मध्ये त्याचं कारणही मांडलं: माहीत असलेली पायरी जिथे संपते तिथे मूल थांबत नाही, स्वतःच डागडुजी करून पुढे जातं. म्हणून पाटी कोरी न राहता चुकीच्या उत्तरानं भरते.

शून्य आलं की या डागडुजीला बहर येतो. ३०४ − १६७ घ्या. बरोबर उत्तर १३७. प्रत्येक घरात उलटी वजाबाकी केली की २६३. शून्याचे ९ केले पण ते ज्या शतकातून आले त्या ३ चे २ करायला विसरलं, की २३७. चारचे १४ आणि शून्याचे १० केले, पण कुठेच काही कमी केलं नाही, की २४७. आणि एककासाठी शून्य ओलांडून थेट शतकातून एक घेतला, दशकासाठी पुन्हा एक घेतला, तर ४७. एका गणितात चार नियम, चार वेगळी उत्तरं. 

वर्गात हे बसवायचं तर ३५ मिनिटांच्या तासात शिकवणं अठ्ठाविसाव्या मिनिटाला थांबवावं लागतं. घंटेच्या तोंडावर दिलेलं गणित अर्धंच राहतं. ए-फोर कागदाचे आठ तुकडे करा, ४० मुलांना पाच कागद पुरतात. गणितं दोन द्या, ५२ − २८ आणि ७१ − ३४. एकावरून नियम की निसटता हात हे ठरत नाही. ३६ आणि ४३ अशी जोडी आली तर उलटा नियम, ३४ आणि ४७ आली तर दशक कमी करायचा राहिला, ३६ आणि ३७ आली तर पहिलं बहुधा चुकून गेलं. वेळ तीन मिनिटं. आकडेमोड खोडायची नाही, हे आधीच सांगा, कारण उत्तराइतकीच काट मारलेली जागाही बोलते. चिठ्ठ्या गोळा झाल्यावर बरोबर उत्तर फळ्यावर सोडवून दाखवा, नाहीतर मूल चूक पक्की करून घरी नेतं. कागद नसतील तर पाट्या चालतात. मात्र "तीन म्हटल्यावर सगळ्यांनी वर" असंच, नाहीतर पुढच्या बाकावरचं उत्तर मागे पोहोचतं.

चिठ्ठ्यांचे ढीग लावायला पाचेक मिनिटं लागतात. ३६ वाल्यांना दुसऱ्या दिवशी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्या आणि बावन्नातून अठ्ठावीस काड्या प्रत्यक्ष काढायला लावा. दोन सुट्या काड्यांतून आठ निघत नाहीत हे हाताला कळतं. ३४ वाल्यांना दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये द्या. एक नोट सुटी केली की नोटा चारच उरतात. त्यांच्याकडून ३४ + २८ ही बेरीज करून घ्या, ६२ येतात आणि फुकटचे दहा रुपये त्यांनाच दिसतात. ३६ चा ढीग वर्गाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा असेल तर गृहपाठ थांबवा. उलट्या नियमानं सोडवलेली दहा उदाहरणं म्हणजे उलट्या नियमाचा दहा वेळा सराव.

शेवटच्या गणितातल्या संख्या तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहा. मराठीत एकक आधी उच्चारला जातो; पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी आणि एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारी मुलं तिसरीतही असतात. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' अशी वाचनपद्धत आणली आणि केवढा गदारोळ झाला, त्यामागची अडचण हीच होती. संख्या ऐकून लिहिण्यातली चूक वजाबाकीच्या ढिगात मिसळली, की ढीग पुन्हा वाचता येत नाहीत.