चेक इंजिनचा दिवा आणि स्पार्क प्लग

‘मिसफायरचा कोड आला की त्या सिलिंडरचा प्लग गेला, कॉम्प्युटर ठिणगी बघूनच सांगतो’ असं बेळगाव-खानापूरकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय. मिसफायर म्हणजे सिलिंडरमधलं इंधन नीट न पेटणं; तसं झालं की गाडीचा कॉम्प्युटर कोड नोंदवतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. समज साहजिक आहे, कारण बऱ्याचदा दोष प्लगचाच निघतो.

पण बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर ठिणगी बघत नाही. तो क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्याचा, वेग मोजतो. शाफ्टवर दातेरी चक्र असतं; पुष्कळ इंजिनांत ६० दात्यांची जागा आणि खुणेसाठी त्यातले २ गायब. सेन्सर प्रत्येक दात्याची वेळ टिपतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक स्फोट होतो. एखादा हुकला की तेवढ्यापुरता शाफ्ट किंचित मंदावतो, आणि तेव्हा पाळी कोणाची होती यावरून सिलिंडर कळतो. का हुकला, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), इंजेक्टर (इंधन फवारणारा), गळका व्हॉल्व्ह, काहीही असेल.

खड्ड्यांचे धक्केही चाकांमार्फत शाफ्टपर्यंत पोचतात (आपल्याकडे खड्ड्यांना काय तोटा!). म्हणून अनेक गाड्या खराब रस्ता ओळखून ही तपासणी थोडा वेळ थांबवतात.

पडताळा सोपा आहे. समजा पी०३०२ हा कोड आलाय, म्हणजे मिसफायर दुसऱ्या सिलिंडरचा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०३ (तिसरा सिलिंडर) आला तर दोष कॉइलचा. पी०३०२ च राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल करून बघा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी फिरवत बसू नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जळू शकतो.