पानं विरघळली, रोप जगलं

प्लास्टिकची झाडं काढून ४० लिटरच्या फिशटँकमध्ये खरी झाडं लावली, त्याच्या पाचव्या दिवशीची गोष्ट. सकाळी दिवा लावला तर क्रिप्टोकोरीनची पानं माना टाकून पडलेली. एक पान चिमटीत धरलं, तर ओल्या टिपकागदासारखं बोटांवरच विरघळलं. रोप गेलं असं समजून मी ते मुळासकट उपटलं आणि फेकून दिलं. शेजारचं तसंच दुसरं रोप निव्वळ आळसापायी राहून गेलं. तीन आठवड्यांनी त्याच्या बुंध्यातून सुरळी झालेलं एक हिरवं टोक वर आलं आणि मला फेकलेल्या रोपाची हळहळ वाटायला लागली.

टाकीसाठी विकली जाणारी पुष्कळशी रोपं मुळात पाण्याखाली वाढलेलीच नसतात. रोपवाटिकेत त्यांची फक्त मुळं ओली असतात, पानं दमट हवेत. हवेत कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, पानांवर शेवाळ चढत नाही, रोप भराभर वाढतं. पण तिथलं पान हवेसाठीच घडलेलं असतं: वर मेणचट थर आणि वायूंच्या ये-जा करण्यासाठी पर्णरंध्रं. पाण्यात बुडाल्यावर ही सगळी तयारी फुकट जाते. पाण्यात वायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. त्यामुळे तिथे वेगळंच पान लागतं. पातळ, मेणाचा थर जेमतेम असलेलं, पर्णरंध्रं जवळपास नसलेलं, आणि हरितद्रव्य अगदी बाहेरच्या पेशींतही असलेलं. जुन्या पानाची डागडुजी करून असं पान होत नाही. रोप जुनी पानं सोडून देतं आणि नवी घडवतं. क्रिप्टोकोरीन तर इतकं नाजूक मनाचं, की नुसतं पाणी किंवा उजेड बदलला तरी पानं टाकतं.

म्हणून पानाकडे न बघता बुंधा दाबून बघावा. टणक असेल तर रोप जिवंत आहे. बुंधाच मऊ पडून वास मारत असेल तर मात्र ते काढावं. विरघळती पानं तेवढी रोज कात्रीने छाटायची, कारण ती कुजली की पाण्यात अमोनिया वाढतो.

अमोनियाचा विषय निघालाच आहे, तर खरा धोका तिथेच असतो. झाडं लावायची म्हणून लोक उत्साहाने टाकी रिकामी करतात, खडी नळाखाली खळखळून धुतात, फिल्टरचा स्पंज पिळून काढतात. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. खडीवर आणि स्पंजवर वसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ही वसाहत मरते आणि पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे घेते. तोवर टाकी दिसायला लख्ख असते, आतले मासे मात्र विषात पोहत असतात. तेव्हा स्पंजला हात लावू नये आणि खडी बदलायचीच असेल तर थोडी थोडी बदलावी.

झाडंही अमोनिया शोषतात. अनेक पाणवनस्पतींना तो नायट्रेटपेक्षा जास्त आवडतो, कारण नायट्रेट वापरायचं तर आधी ते ऊर्जा खर्चून पुन्हा अमोनियाच्या रूपात आणावं लागतं. पण हे काम वाढणारं रोप करतं. पानं टाकत असलेलं रोप उलट भरच घालतं, त्यामुळे पहिला महिनाभर त्याच्या भरवशावर मासे वाढवू नयेत.

लावण्याच्या बाबतीत एकच चूक सर्रास होते. अनुबियास आणि जावा फर्न यांचं जाड आडवं खोड खडीत पुरलं की कुजतं. ते दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधावं. वॅलिस्नेरियाची फक्त मुळं पुरायची, पुढचं ती स्वतः बघते. खडीखालून आडवे धुमारे सोडत सहा महिन्यांत कोपरा भरून टाकते.

रोप मलूल दिसलं की दिवा जास्त वेळ लावायचा मोह होतो. तो आवरावा. न वाढणाऱ्या रोपाला तो उजेड वापरताच येत नाही, शेवाळाला येतो. सुरुवातीला दिवसाला सहा ते आठ तास पुरे. पुढे पानंच काय हवं ते सांगू लागतात. लोह कमी पडलं तर कोवळी पानं फिकी पडतात, कारण जुन्या पानातलं लोह रोपाला सहसा हलवता येत नाही. नायट्रोजन ते हलवू शकतं, म्हणून त्याच्या टंचाईत जुनी पानं आधी पिवळी होतात.

माझ्या टाकीत दुसऱ्या महिन्यात, दुपारी, पानांच्या कडेने बारीक बुडबुड्यांच्या माळा दिसू लागल्या. शाळेत हायड्रिलावर उलटं नसराळं ठेवून पाहिलेला तोच प्रयोग. यान इंगेनहूझ या डच वैद्याने १७७९ साली पाण्यातल्या पानांवरचे हेच बुडबुडे पाहून, ते उजेडातच आणि झाडाच्या हिरव्या भागांतूनच येतात असं दाखवलं होतं. रात्री मात्र झाडं फक्त श्वास घेतात, ऑक्सिजन खातात. दाट लावलेल्या टाकीत मासे पहाटे पृष्ठभागाशी तोंड उघडत असतील तर रात्री पाणी थोडं हलतं ठेवावं.

लंडनमध्ये १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया एकत्र ठेवल्याचा वृत्तांत मांडला होता. त्याच्याही टाकीत पानं कुजली, काचेवर हिरवा चिकट थर चढला, पाणी गढूळ झालं. मग त्याने तलावातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि तो थर फस्त केला, आणि त्यांची अंडी माशांनी खाल्ली. माझ्याकडे गोगलगायी न बोलावताच आल्या. जावा फर्नच्या पानामागे चिकटलेला पारदर्शक जेलीचा ठिपका मी पाणी सुकल्याचा डाग समजून तसाच आत सोडला होता.