न्यूयॉर्कची विविधता मोजताना

इ. स. १६४३ मध्ये आयझॅक जोग्स हा फ्रेंच जेझुइट पाद्री मॅनहॅटन बेटावरच्या डच वसाहतीत आला. बेटावर आणि आसपास मिळून चारपाचशे पुरुष असतील आणि त्यांच्यात अठरा भाषा बोलणारे लोक आहेत, असे तेथील गव्हर्नरने आपल्याला सांगितल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. पुढे याच वसाहतीचे न्यूयॉर्क झाले. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८८,०४,१९० भरली, आणि अस्तंगत होऊ घातलेल्या भाषांची नोंद करणाऱ्या ‘एन्डेन्जर्ड लँग्वेज अलायन्स’ या तेथील संस्थेने शहराच्या नकाशावर सातशेहून अधिक भाषा दाखवल्या आहेत. अठरा काय किंवा सातशे काय, असे आकडे भारदस्त वाटतात. पण विविधता मोजायला ते पुरत नाहीत. चारशे माणसांपैकी तीनशे ऐंशी एकच भाषा बोलत असतील आणि उरलेल्या वीस जणांत सतरा भाषा विखुरलेल्या असतील, तर त्या वस्तीला अठरा भाषांची वस्ती म्हणणे खोटे ठरणार नाही, तरी रस्त्यावर ऐकू येणारी भाषा बहुतेक वेळा एकच असेल. म्हणून प्रकार किती आहेत याच्या जोडीने लोक त्या प्रकारांत किती समप्रमाणात वाटले गेले आहेत, हेही मोजमापात यावे लागते.

एडवर्ड सिम्प्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यासाठी एक सोपी रीत मांडली. समूहातून कोणतीही दोन माणसे डोळे मिटून निवडली, तर ती एकाच गटातली निघण्याची शक्यता किती, असा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. परिसंस्थांचे अभ्यासक जंगलातील वनस्पतींची किंवा कीटकांची विविधता मोजण्यासाठी ही रीत वापरतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०२० चे आकडे जाहीर करताना वापरलेला विविधता निर्देशांकही याच विचारावर उभा आहे. संपूर्ण अमेरिकेसाठी तो ६१.१ टक्के आला, म्हणजे देशातील कोणतीही दोन माणसे घेतली तर ती वेगवेगळ्या वांशिक गटांतली असण्याची शक्यता इतकी.

न्यूयॉर्कचा हिशेब वाचकाला कागदावरही करता येईल. २०२० मध्ये शहरात हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिश भाषिक देशांतले, नसलेले गोरे सुमारे ३१ टक्के, हिस्पॅनिक २८, कृष्णवर्णीय २० आणि आशियाई १६ टक्के होते. मिश्र वंशाचे आणि इतर सर्व मिळून ५ टक्के उरतात. प्रत्येक हिश्शाचा दशांशात वर्ग करून बेरीज केली की साधारण ०.२४ येतात, ही दोन माणसे एकाच गटातली निघण्याची शक्यता, आणि ते एकातून वजा केले की ०.७६ उरतात. निर्देशांक झाला ७६ टक्के. लोकांना पाचच गटांत बसवायचे असेल, तर सर्व गट अगदी सारखे असतानाही तो ८० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. न्यूयॉर्क त्या कमाल मर्यादेच्या जवळ आधीच पोचले आहे.

आता क्वीन्स या विभागाकडे पाहू. शहराच्या पाच विभागांपैकी स्थलांतरितांचा विभाग म्हणून सर्वाधिक ख्याती याचीच आहे. तेथील जवळजवळ निम्मे रहिवासी अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत, तर संपूर्ण शहरात हे प्रमाण एक तृतीयांशापेक्षा थोडे अधिक आहे. एवढा फरक असूनही क्वीन्सचा निर्देशांक येतो सुमारे ७७ टक्के, म्हणजे शहरापेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. याचे कारण लोकांत नाही, गट पाडण्याच्या पद्धतीत आहे. कोरोना आणि जॅक्सन हाइट्स या वस्त्यांतले इक्वेडोर, कोलंबिया, मेक्सिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकचे लोक ‘हिस्पॅनिक’ या एकाच गटात मोडतात. फ्लशिंगमधले चिनी आणि कोरियन, वुडसाइडमधले फिलिपिनो, सेव्हन्टी-फोर्थ स्ट्रीटवरचे बांगलादेशी, तिबेटी आणि नेपाळी हे सर्व ‘आशियाई’. रिचमंड हिलमधल्या गयानी लोकांची अडचण तर वेगळीच आहे. त्यांचे पूर्वज १८३८ पासून उत्तर भारतातून आणि मद्रास बंदरातून गिरमिटिया मजूर म्हणून गयानातील उसाच्या मळ्यांवर नेले गेले, आणि त्यांची पुढची पिढी १९६० च्या दशकानंतर न्यूयॉर्कला आली. जन्मदेश दक्षिण अमेरिकेतला, देव आणि आडनावे भारतातली, बोली कॅरिबियन इंग्रजी. अर्जावरच्या कोणत्या चौकटीत खूण करायची, हे त्यांच्यापैकी प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो.

ही माणसे याच शहरात आणि याच काळात का आली, याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात सापडते. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा होऊन एक वर्ष झाले होते. हिंदुस्थानातून येणाऱ्यांना अडवणारी बंदी मात्र १९१७ मध्ये आली. १८९२ मध्ये एलिस बेटावरचे तपासणी केंद्र सुरू झाले आणि इटली, रशिया व पूर्व युरोपातून लोकांचा ओघ लागला. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या दर पाच रहिवाशांपैकी दोघे परदेशात जन्मलेले होते. हा ओघ तोडण्यासाठी १९२४ चा कायदा झाला. प्रत्येक देशाचा वार्षिक कोटा त्या देशात जन्मलेल्या अमेरिकावासीयांच्या दोन टक्के ठरवण्यात आला, पण त्यासाठी आधार धरली ती १८९० ची जनगणना, म्हणजे इटालियन आणि पूर्व युरोपीय ज्यू मोठ्या संख्येने येण्याआधीची. आकडेवारीचा इतका हेतुपूर्वक वापर लोकसंख्येच्या इतिहासात क्वचितच दिसतो. शहराच्या ब्रुकलिन विभागाचे अमेरिकी संसदेतले प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर या कायद्याला विरोध करणाऱ्यांत होते, आणि तो मोडीत काढणाऱ्या १९६५ च्या कायद्यालाही त्यांचेच नाव आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही केली.

नव्या कायद्याने कुटुंबाच्या नात्याला आणि व्यावसायिक कौशल्याला प्राधान्य दिले. यामुळे लोकसंख्येचे स्वरूप फारसे बदलणार नाही, असे त्याच्या समर्थकांना वाटत होते, कारण नातेवाईक बोलावतील ते आधी आलेले युरोपीय, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात युरोप तोपर्यंत सावरला होता आणि तिथून निघण्याची घाई कोणाला राहिली नव्हती. डॉक्टर, परिचारिका आणि अभियंते म्हणून आशियातून थोडे लोक आले. नागरिकत्व मिळताच त्यांनी भावंडांना बोलावले, भावंडांनी आपापली कुटुंबे आणली. याला साखळी स्थलांतर म्हणतात, आणि मागच्यांची संख्या पुढच्यांची संख्या ठरवत असल्यामुळे ते चक्रवाढीने वाढते.

हे घडत असताना शहर रिकामे होत होते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. १९७० ते १९८० या दहा वर्षांत न्यूयॉर्कची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक घटली. गोरी मध्यमवर्गीय कुटुंबे उपनगरांत निघून गेली. क्वीन्समधल्या सात नंबरच्या रेल्वेमार्गालगत स्वस्त झालेली घरे आणि मोकळी पडलेली दुकाने नव्याने येणाऱ्यांना मिळाली. शहरातील परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण १९७० मध्ये १८ टक्क्यांपर्यंत उतरले होते, ते २००० मध्ये ३६ टक्क्यांवर गेले. स्थलांतरित आले नसते तर न्यूयॉर्कचा प्रवास डेट्रॉइटसारखे ओस पडण्याच्या दिशेने झाला असता, असे मला तरी या आकड्यांवरून वाटते.

संपूर्ण शहराचा निर्देशांक मोठा असला, तरी माणसे एकमेकांच्या शेजारी राहतात असे त्यातून सिद्ध होत नाही. एखाद्या गटाची विभागणी शहरभर समान व्हायची असेल तर त्यातल्या किती टक्के लोकांना घर बदलावे लागेल, हे मोजणारा दुसरा निर्देशांक आहे. त्यानुसार कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्या बाबतीत न्यूयॉर्क महानगर देशातील सर्वाधिक विभागलेल्या महानगरांमध्ये गणले जाते. याची मुळे कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरवणाऱ्या १९३० च्या दशकातल्या गृहकर्जाच्या नकाशांत आणि घरविक्रीच्या करारांतल्या वांशिक अटींत आहेत. जॅक्सन हाइट्सच्या ज्या बागांच्या इमारतींचे आज कौतुक होते, त्या बांधल्या गेल्या तेव्हा ज्यू आणि कृष्णवर्णीयांना तिथे घर मिळत नसे.

गट कसे पाडले जातात याचा परिणाम मतपत्रिकेपर्यंत पोचतो. अल्पसंख्य भाषिकांपैकी इंग्रजी पुरेसे न येणारे मतदार विशिष्ट संख्येपेक्षा अधिक असतील, तर त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यावी, असा अमेरिकी कायदा आहे. २०११ मध्ये जनगणना विभागाने क्वीन्समध्ये ‘एशियन इंडियन’ गटाला हा हक्क लागू असल्याचे जाहीर केले. गट एक आणि भाषा अनेक असल्यामुळे त्यातून एक भाषा निवडणे भाग होते. निवड बंगालीची झाली आणि २०१३ पासून ती मतपत्रिकेवर आली. मराठी या यादीत येणे संभवत नाही, कारण तेथील मराठी माणसांना इंग्रजी येते आणि त्यांची मोठी वस्ती हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत आहे, जी न्यूयॉर्क शहराच्या हिशेबात धरलीच जात नाही. नेपाळच्या मुस्तांग भागातली सेके ही भाषा बोलणारे जगात सातशेच्या आसपास आहेत आणि त्यांतले शंभराहून अधिक न्यूयॉर्कमध्ये राहतात. जनगणनेच्या मोठ्या गटांमध्ये ते कुठेच दिसत नाहीत.

२०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारने हे गट बदलण्याचे ठरवले. वंश आणि हिस्पॅनिक मूळ यांविषयीचे दोन प्रश्न एकत्र करायचे, आणि आजवर गोऱ्यांत मोजल्या जाणाऱ्या पश्चिम आशियाई व उत्तर आफ्रिकी लोकांना स्वतंत्र गट द्यायचा. हे २०३० च्या जनगणनेत अमलात आले, तर ब्रुकलिनच्या बे रिजमधले येमेनी आणि ॲस्टोरियाच्या स्टाइनवे स्ट्रीटवरचे इजिप्शियन प्रथमच गोऱ्यांहून वेगळ्या गटात मोजले जातील. मग न्यूयॉर्कचा निर्देशांक काहीसा वर जाईल, आणि त्यातली किती वाढ नव्याने आलेल्या माणसांची व किती केवळ नव्या चौकटीची, हे वेगळे करण्यासाठी जुन्या गटांनुसार पुन्हा एकदा हिशेब मांडावा लागेल.