कापडाखालची खुर्ची

अठराव्या शतकातल्या इंग्लिश हातखुर्चीकडे पाहताना नजर आधी तिच्या वळणदार पायांवर आणि बैठकीच्या रेशमी कापडावर जाते. पण ती खुर्ची दोनशे-अडीचशे वर्षे टिकली कशी, याचे उत्तर त्या कापडाखाली दडलेले असते.

१७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरचा आयातकर उठवला आणि पुढच्या काही दशकांत अक्रोडाची जागा महोगनीने घेतली. मात्र हे महागडे लाकूड दिसणाऱ्या भागांपुरतेच वापरत. गादीखाली झाकली जाणारी चौकट बहुधा बीचची असे, कारण हे स्वस्त, स्थानिक आणि घट्ट पोताचे लाकूड शेकडो चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकले तरी सहसा चिरत नाही. त्याचा दोष एवढाच, की ते पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्यांनाही फार आवडते.

चौकटीचे सांधे कुसू-खोबणीचे असतात, म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ पायातल्या खाचेत सरसाने बसवलेली असते. लाकूड आर्द्रतेप्रमाणे आपल्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, रेषांच्या दिशेने मात्र जवळजवळ मुळीच नाही. पायाच्या रेषा उभ्या आणि पट्टीच्या आडव्या असल्यामुळे प्रत्येक ऋतूत जीभ आणि खाच वेगवेगळ्या मापाने हलतात आणि सांधा हळूहळू सैल होतो. सर्वांत मोठा ताण येतो बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तिथे, कारण बसणारा मागे रेलला की पाठ तरफेसारखी त्या सांध्यावर जोर लावते. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्याने हा सांधा तिरकाही कापावा लागतो. कारागिराचा हात खरा कळतो तो इथेच. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस उष्णता आणि ओलावा लागताच मऊ होत असल्याने सैल सांधा न मोडता उकलून पुन्हा बसवता येतो, आणि या खुर्च्यांच्या दीर्घायुष्याचे मोठे श्रेय मी याच गुणाला देईन.

बैठकीसाठी चौकटीवर नवारीसारख्या पट्ट्या ताणून एकमेकींत विणत, त्यावर जाड लिनन ठोकत आणि त्यावर घोड्याचे केस भरत. हे केस नुसते कापून आणलेले नसत. त्यांचा दोर वळून तो उकळत, वाळवत आणि मग उलगडून पिंजत. केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध पाण्याने व उष्णतेने सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, त्यामुळे प्रत्येक केस एक बारीक स्प्रिंग बनतो. कापसाची गादी काही वर्षांत दबते आणि पिंजून घ्यावी लागते, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. कुरळे केस मात्र दाब निघताच पुन्हा उसळतात. शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही टोकांना अणी असलेल्या दाभणाने, मेणवलेल्या दोऱ्याचे टाके घालून गादीची कड घट्ट शिवू लागले, आणि घुमटासारख्या बैठकीला सरळ, धारदार कडा मिळाल्या.

धातूच्या स्प्रिंगा आल्या त्या एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या सॅम्युएल प्रॅटने १८२८ मध्ये त्यांच्यासाठी पेटंट घेतले. स्प्रिंगांना खोली लागते, म्हणून पट्ट्या चौकटीच्या वरून काढून खालच्या बाजूला ठोकू लागले. त्या काळात अनेक जुन्या खुर्च्यांत नव्याने स्प्रिंगा घातल्या गेल्या, पण वरच्या कडेवरची चुकांची जुनी भोके पहिल्या रचनेची साक्ष देत राहिली. गोणपाटही असाच पुरावा देते. १८३० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या गिरण्या बंगालचा ताग यंत्रावर कातू लागल्या आणि लिननची जागा तागाच्या कापडाने घेतली. त्यामुळे खुर्चीत तागाचे गोणपाट सापडले, तर ते भरण बहुधा त्यानंतरचे असते.

जुने भरण उपसून फोम घालण्याची घाई म्हणूनच मला फार खटकते. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही दशकांत भुगा होतो, आणि उपसलेल्या भरणाबरोबर पुरावाही कायमचा जातो. मूळ कापड केव्हाच नष्ट झाले असले, तरी एखाद्या जुन्या चुकेच्या डोक्याखाली त्याचे दोन-चार धागे अडकून राहिलेले असतात. प्रकाश न लागल्यामुळे त्यांचा रंग अनेकदा टिकलेला असतो, आणि अभ्यासक त्यावरून खुर्चीचे पहिले कापड ओळखतात.